तपकिरी रंगावर ठरतो उपचार

स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाल्यानंतर आठ-दहा दिवसांत रुग्णाच्या हाती आणखी एक कागद पडतो. त्यावर ईआर, पीआर, हर-टू-न्यू आणि केआय-६७ अशी चार नावे असतात आणि त्यांच्यासमोर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, काही टक्के किंवा अधिकची दोन-तीन चिन्हे. घरातल्या कोणालाच त्याचा अर्थ लागत नाही. मग तो कागद सोनोग्राफीच्या पाकिटात मागे सरकवला जातो. प्रत्यक्षात त्या महिलेने पुढची पाच-दहा वर्षे कोणती गोळी घ्यायची, केमोथेरपी लागणार की टळणार, महागडे इंजेक्शन तिला तारेल की त्यावरचा पैसा पाण्यात जाईल, हे सारे या चार ओळींवरच ठरत असते.

पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या पट्ट्यातील बहुसंख्य कर्करुग्णांचा शेवटचा आधार म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. बोईसरहून पहाटेची गाडी पकडायची, दादरला उतरून मध्य रेल्वेने परळ गाठायचे, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहायचे आणि रात्री उशिरा शंभर किलोमीटर परत यायचे, हा क्रम येथील अनेक कुटुंबांना पाठ झाला आहे. मात्र ज्या तपासणीवर उपचारांची दिशा ठरते तिचे यशापयश पुष्कळदा परळला पोहोचण्याआधीच, गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात निश्चित झालेले असते. तो तास बहुधा इथल्याच एखाद्या छोट्या रुग्णालयात उलटतो. म्हणूनच ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

एकाच नावाचे अनेक रोग

स्तनाचा कर्करोग हा एक रोग नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी वागणुकीत पूर्णतः भिन्न असू शकतात. एक वर्षानुवर्षे संथपणे वाढते आणि साध्या गोळीने काबूत राहते, तर दुसरी काही महिन्यांत फुप्फुसापर्यंत पोहोचते. हा फरक पेशींच्या आकारात नसतो, त्या कोणती प्रथिने बनवतात यात असतो. प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून त्यांना रंगवावे लागते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजेच आयएचसी, असे लांबलचक नाव असलेली ही तपासणी मुळात रंगकाम आहे.

या रंगकामाची गरज भासली त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या स्तनाच्या कर्करोगात त्यांनी रुग्णाचे बीजकोश काढून टाकले आणि स्तनातील गाठ विरघळू लागली. स्तनाशी थेट संबंध नसलेला अवयव काढल्याने गाठ का आटावी, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना. पुढे इतरांनीही हा उपाय करून पाहिला तेव्हा साधारणपणे तीनपैकी एका महिलेलाच त्याचा लाभ होतो, असे आढळले. उरलेल्या दोघींच्या वाट्याला विनाकारण एक मोठी शस्त्रक्रिया येत असे. ती एक कोणती आणि त्या दोघी कोणत्या, हे आधी ओळखण्याचा मार्गच नव्हता.

कोडे सुटायला साठ वर्षे गेली. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या दशकात केलेल्या संशोधनातून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला पकडून ठेवणारे एक प्रथिन काही पेशींत असते, हे सिद्ध झाले. हाच इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजेच ईआर. मराठीत त्याला ग्राही म्हणता येईल. बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन या ग्राहीला जाऊन चिकटते आणि पेशीला वाढण्याचा हुकूम मिळतो. ज्या गाठीत ग्राही आहे तिची रसद तोडली की ती उपाशी पडते. ज्या गाठीत तो नाही तिला बीजकोश असले काय आणि नसले काय, फरक पडत नाही. टॅमॉक्सिफेन हे औषध नेमके हेच करते. ते ग्राहीची जागा स्वतःच अडवून बसते. अमेरिकेत १९७७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज भारतात ते अत्यंत स्वस्त जेनेरिक गोळीच्या रूपात मिळते. ईआर असलेल्या रुग्णांनी ही गोळी पाच वर्षे घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे जगभरच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. ईआर नसलेल्या रुग्णांना मात्र तिचा लाभ होत नाही.

जेन्सन यांच्या काळातील तपासणी करणे सोपे नव्हते. गाठीचा ताजा तुकडा तत्काळ गोठवावा लागे, मग तो कुटून त्यातील ग्राहींचे मोजमाप होई. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी किती आणि भोवतालची चरबी किती, हे कुटल्यावर कळणार कसे? शिवाय ही सोय मोजक्या मोठ्या संस्थांपुरती होती. रंगकामाने हे सारे बदलून टाकले. मेणात बसवलेला तुकडा टपालानेही पाठवता येतो आणि दहा वर्षांनी पुन्हा काढून तपासता येतो. बोईसरच्या महिलेची गाठ मुंबईत तपासली जाऊ शकते ती यामुळेच.

कापड रंगवण्याचे शास्त्र

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या वाचकांना या तपासणीची रीत समजावून देणे तुलनेने सोपे आहे. रंग, रंगांची मध्यवर्ती रसायने आणि कापडप्रक्रिया हे इथले जुने धंदे. कापडावर रंग नुसता लावून भागत नाही, तो धाग्याला धरून बसावा लागतो आणि त्यासाठी तुरटीसारखे रंगबंधक लागते, हे इथल्या कारागिरांना सांगावे लागत नाही. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज वापरला जाणारा निळा-जांभळा रंग, हिमॅटोक्सिलिन, मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो आणि तोही तुरटीच्याच मदतीने पेशीच्या केंद्रकाला धरतो. त्याच्या जोडीला गुलाबी इओसिन. या दोन रंगांवर गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे निदान होते.

परंतु हे दोन्ही रंग सरसकट सगळ्या पेशींना लागतात. एका विशिष्ट प्रथिनालाच लागेल असा रंग हवा असेल तर ते प्रथिन अचूक ओळखणारा कोणीतरी वाटाड्या हवा. तो वाटाड्या म्हणजे प्रतिपिंड. शरीरात परके प्रथिन शिरले की त्याला नेमके चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात तयार होतात. हार्वर्डचे अल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या प्रारंभी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून पेशीतील प्रथिन शोधून दाखवले. पुढे १९६६ मध्ये पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी विकर जोडण्याची युक्ती काढली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रंग दिसू लागला. एकाच साच्यातील हवी तितकी प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधले. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते, ते पाहू. गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवून, त्यातील पाणी काढून, वितळलेल्या मेणात बसवतात. हाच तो ‘ब्लॉक’. मायक्रोटोम या यंत्राने त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर चिकटवतात. फॉर्मेलिनने तुकडा टिकतो खरा, परंतु प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि प्रतिपिंडाला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ही जखडण सोडवण्यासाठी काचपट्ट्या विशिष्ट आम्लतेच्या द्रावणात उकळाव्या लागतात. सूक्ष्मलहरींच्या भट्टीत असे उकळण्याची पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत हे काम चक्क स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये चालत आले आहे. शिट्या मोजण्याचा अनुभव तिथेही कामी येतो. पट्टी कमी उकळली तर प्रथिन दिसत नाही, जास्त उकळली तर तुकडा काचेवरून सुटून येतो.

यानंतर ईआर ओळखणारे प्रतिपिंड काचपट्टीवर सोडतात. ते ग्राहीला चिकटले की त्याच्यावर दुसरे, विकर बांधलेले प्रतिपिंड बसवतात. हे विकर हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळ्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळांतून मिळते. शेवटी डायअमिनोबेंझिडीन, म्हणजे ‘डॅब’, हे रसायन टाकतात आणि जिथे जिथे विकर आहे तिथे तपकिरी डाग उमटतो. बेंझिडीन हे रंगधंद्यातील बदनाम नाव. मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला तो रंग-कारखान्यांतील कामगारांमुळेच. त्याच कुळातील एक रसायन कर्करोगाची ओळख पटवण्याच्या कामी यावे, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

तपकिरी कुठे उमटला यालाही महत्त्व असते. ईआर आणि पीआर पेशीच्या केंद्रकात असतात, म्हणून पॉझिटिव्ह गाठीत निळ्याऐवजी तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. हर-टू हे प्रथिन पेशीच्या आवरणात असते. ते भरपूर असेल तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड उमटते आणि संपूर्ण दृश्य सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यासारखे दिसते. केआय-६७ हे विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशींतच आढळते, त्यामुळे किती टक्के केंद्रके रंगली यावरून गाठीचा वेग कळतो. या विचित्र नावात जर्मनीतील कील शहर दडलेले आहे. ६७ हा तिथल्या प्रयोगशाळेतील बशीच्या खणाचा क्रमांक होता.

चार ओळींचा अर्थ

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर संप्रेरकविरोधी उपचार लागू पडतात. पाळी सुरू असलेल्या महिलांना प्रामुख्याने टॅमॉक्सिफेन, तर पाळी गेलेल्यांना बहुधा अॅरोमटेज रोखणाऱ्या गोळ्या. किती पेशी रंगल्या म्हणजे पॉझिटिव्ह? पूर्वी अनेक ठिकाणी दहा टक्क्यांची मर्यादा पाळली जात असे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये ती एक टक्क्यावर आणली. २०२० च्या सुधारणेत एक ते दहा टक्के या पट्ट्याला ‘अल्प पॉझिटिव्ह’ असे वेगळे नाव दिले गेले. गोळीचा लाभ या गटालाही होऊ शकतो, मात्र यातील काही गाठी निगेटिव्ह गाठींसारख्याच वागतात. आपल्याकडच्या अहवालांत ‘ऑलरेड स्कोअर’ असाही शब्द दिसतो. रंगलेल्या पेशींचे प्रमाण आणि रंगाची तीव्रता यांची ही बेरीज असून ती जास्तीत जास्त आठ येते.

हर-टूची कथा अधिक उमेद देणारी आहे. कॅलिफोर्नियातील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, ज्या गाठींत हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या लवकर उलटतात. म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह असणे ही तेव्हा वाईट बातमी होती. मग याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या खुणेमुळे गाठ घातक ठरत होती त्याच खुणेवर तिला गाठता येऊ लागले. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ मध्ये या औषधाची देशी समरूप आवृत्ती बाजारात आणली. त्यानंतर इतर कंपन्याही आल्या आणि किमती उतरल्या. तरीही वर्षभराचा हा उपचार सामान्य कामगाराच्या आवाक्यातला नाही. म्हणूनच इथे अहवाल अचूक असणे दुहेरी महत्त्वाचे. चुकीने पॉझिटिव्ह आला तर घर विकले जाईल, चुकीने निगेटिव्ह आला तर जीव जाईल.

हर-टूचा अहवाल शून्य, एक अधिक, दोन अधिक आणि तीन अधिक असा येतो. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती गडद आणि अखंड कड असेल तर तीन अधिक, म्हणजे पॉझिटिव्ह. दोन अधिक हा अधांतरी निकाल. ‘फिश’ नावाच्या जनुकीय तपासणीने त्याची शहानिशा करावी लागते. अनेक रुग्ण नेमके इथेच थांबतात, असे या क्षेत्रातील मंडळी सांगतात. आणखी एक तपासणी, आणखी एक खर्च आणि आणखी एक खेप. मात्र दोन अधिक म्हणजे ‘थोडेसे पॉझिटिव्ह’ असे नव्हे. तो प्रश्न आहे, उत्तर नव्हे.

तिन्ही प्रथिने नसतील तर त्या गाठीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत अशा गाठी दहा-पंधरा टक्के असतात. भारतातील अनेक अभ्यासांत हे प्रमाण पाव हिश्शाच्या वर आढळले आहे. या गाठी तुलनेने तरुण वयात येतात, वेगाने वाढतात आणि त्यांच्यावर गोळीचा उपयोग होत नाही. तथापि केमोथेरपीला त्यांतील बऱ्याच गाठी चांगला प्रतिसाद देतात. ‘तिन्ही निगेटिव्ह’ हे ऐकून ‘सगळे निगेटिव्ह म्हणजे काही नाही’ असा सुटकेचा निःश्वास टाकणारे नातेवाईकही असतात. त्यांचा दोष नाही. निगेटिव्ह शब्दाचा अर्थ आपल्याला रक्त तपासणीच्या अहवालांनी शिकवला आहे.

खरा प्रश्न फॉर्मेलिनचा

भारतातील महिलांमध्ये ईआर निगेटिव्ह गाठी जास्त, असे दीर्घकाळ मानले जात होते. त्यामागे वंश, आहार, कमी वयातील रुग्ण अशी कारणे दिली जात. ती काही अंशी खरीही आहेत. परंतु टाटा स्मारक रुग्णालयाच्याच नोंदी या चित्राची दुसरी बाजू दाखवतात.

या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांनी २००० मध्ये ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ईआर पॉझिटिव्ह सुमारे ३३ टक्के आणि पीआर पॉझिटिव्ह सुमारे ४६ टक्के निघाल्या. हे आकडे जाणकारांना खटकणारे होते. पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा ग्राही, हा सर्वसाधारणपणे ईआरच्या हुकमावरून बनतो. त्यामुळे पीआरची संख्या ईआरपेक्षा जास्त येणे म्हणजे वीजजोडणी असलेल्या घरांपेक्षा दिवे लागलेली घरे अधिक निघण्यासारखे आहे. एक तर कुठेतरी आकडा टाकलेला असणार किंवा जोडण्या मोजताना काही सुटल्या असणार. पुढे २००९ मध्ये याच रुग्णालयाने आठ वर्षांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात संप्रेरक-ग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण निम्म्याच्या वर दिसले आणि ‘ईआर नाही पण पीआर आहे’ अशा कोड्यात टाकणाऱ्या गाठी वर्षागणिक घटत गेल्याचे आढळले. इतक्या थोड्या काळात महिलांच्या गाठींचा स्वभाव बदलत नाही. बदलतात ती तंत्रे: तुकडा मुरवण्याची, उकळण्याची, प्रतिपिंड निवडण्याची.

यातून निघणारा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. निगेटिव्ह ठरलेल्या काही गाठी प्रत्यक्षात पॉझिटिव्ह असू शकतात आणि अशा महिलांना त्यांच्या हक्काची, दिवसाला काही रुपयांची गोळी कधी मिळालेलीच नसते. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या संख्येत चार-दोन टक्के अहवाल जरी चुकले, तरी ते काही हजार महिला होतात.

चूक होते कशी? शरीरातून गाठ बाहेर पडताच तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रथिने विघटित होऊ लागतात. तासाभराच्या आत ती योग्य फॉर्मेलिनमध्ये गेली पाहिजे, असा दंडक आहे. फॉर्मेलिन दहा टक्के आणि आम्लता नियंत्रित केलेले हवे, तुकड्याच्या किमान दहा पट हवे, आणि तुकडा त्यात सहा तासांहून कमी वा बहात्तर तासांहून जास्त राहता कामा नये. फॉर्मेलिन आत शिरते ते साधारण तासाला मिलिमीटरभर. त्यामुळे पूर्ण स्तन काढला असेल तर तो पावासारखा चिरून ठेवावा लागतो. अन्यथा बाहेरचा थर मुरतो आणि मधली गाठ, जिच्यासाठी सारा खटाटोप, ती आतल्या आत कुजते.

प्रत्यक्षात काय घडते, याचा अनुभव या वार्ताहराच्या घरीही आला. काही वर्षांपूर्वी एका नातेवाईक महिलेच्या स्तनातील गाठ या पट्ट्यातल्याच एका खासगी रुग्णालयात ‘साधी दिसते’ म्हणून काढण्यात आली. शनिवारी दुपारी काढलेली ती गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत जेमतेम बुडेल इतक्या द्रावणात ठेवली होती आणि ती मुंबईच्या वाटेला लागली मंगळवारी. बाटलीवर गाठ काढल्याची वेळ नव्हती. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत गाठ इतकी कडक झाली होती की बाटली कापूनच ती बाहेर काढावी लागली. अहवाल निगेटिव्ह आला. तो खरा होता की बाटलीचा प्रताप, हे सांगण्याजोगा पुरावाच उरला नव्हता. सुदैवाने काखेतील ग्रंथींवर पुढे परळला शस्त्रक्रिया झाली, त्यांतील तुकडे नीट जपले गेले आणि त्यावर पुन्हा तपासणी झाली. ईआर पॉझिटिव्ह निघाला. त्या आज टॅमॉक्सिफेनवर आहेत.

या प्रकारात कोणाचा हेतू वाईट नसतो. छोट्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ नसतो, नमुना नेणारा मुलगा दिवसातून एकदाच येतो, रविवारी येत नाही, आणि फॉर्मेलिनचा कॅन कधी भरला हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मात्र ज्या वसाहतीत रासायनिक अभिक्रियेची वेळ मिनिटामिनिटाने नोंदली जाते आणि तीन पाळ्यांत वहीवर सह्या होतात, तिथे गाठीच्या बाटलीवर वेळ लिहिली जाऊ नये, हे पटण्यासारखे नाही. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. रुंद तोंडाची बरणी, योग्य फॉर्मेलिन आणि एक पेन पुरते.

कागद वाचताना

निगेटिव्ह अहवाल विश्वासार्ह आहे की नाही, हे ओळखण्याची एक खूण खुद्द काचपट्टीवरच असते. गाठीच्या आसपास स्तनाच्या निरोगी नलिका असतात आणि त्यांतील काही पेशी ईआरसाठी तपकिरी व्हायलाच हव्यात. गाठ निळी आणि नलिका तपकिरी, तर अहवाल भरवशाचा. दोन्ही निळ्या, तर दोष रंगकामात किंवा तुकड्यात असण्याची शक्यता मोठी. चांगल्या प्रयोगशाळा अहवालात ‘अंतर्गत नियंत्रण’ रंगल्याचा उल्लेख करतात. तो नसेल तर विचारण्यात गैर काही नाही. ईआर निगेटिव्ह आणि पीआर ठळक पॉझिटिव्ह असा अहवाल आला, किंवा अगदी संथ दिसणारी गाठ ट्रिपल निगेटिव्ह निघाली, तरीही तपासणी पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरावा.

शक्यतो गाठ सरळ कापून काढण्याआधी जाड सुईने तिचा तुकडा घेऊन तपासणी व्हावी, असे कर्करोगतज्ज्ञ सांगतात. हा तुकडा तांदळाच्या शितासारखा बारीक असतो, त्यामुळे फॉर्मेलिन त्यात लवकर आणि सारखे मुरते आणि रंग चांगला येतो. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वीच प्रकार कळल्याने आधी औषध की आधी शस्त्रक्रिया, हे ठरवता येते. बारीक सुईने पेशी ओढून घेतात ती तपासणी वेगळी. ती स्वस्त आणि झटपट असली तरी या रंगकामासाठी सहसा अपुरी पडते. पुरुषांनाही हा रोग होतो, साधारण शंभर रुग्णांत एक, आणि त्यांच्या गाठी बहुतांशी ईआर पॉझिटिव्ह असतात. लाजेपोटी ते उशिरा येतात, एवढाच फरक.

या परिसरात या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. अणुवीज केंद्र आणि रासायनिक कारखाने यांच्यामुळे हे होते का? तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. त्यामुळे लोकांची शंका निराधार म्हणून उडवून लावता येणार नाही. तथापि काचपट्टीवरील तपकिरी रंग या प्रश्नाचे उत्तर देत नाही. गाठ आता कशावर जगते आहे, एवढेच तो सांगतो. ती कशामुळे झाली, हे शोधण्यासाठी गावोगावच्या रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद लागते. ते शास्त्र निराळे. परळचे रुग्णालय आणि तारापूरचे केंद्र दोन्ही एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत, ही बाब मात्र इथल्या अनेकांना ठाऊक नसते. टाटा स्मारक १९६२ पासून या विभागाकडे आहे.

राहता राहिला तो मेणाचा ब्लॉक. अंगठ्याच्या पेराएवढा, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला हा तुकडा आपला आहे, हे पुष्कळ रुग्णांना माहीत नसते. दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता अहवाल पुरत नाही. परळला नवीन रुग्णाकडे काचपट्ट्या आणि ब्लॉक मागितले जातात ते तपासणी तिथे पुन्हा करता यावी म्हणून. ज्या प्रयोगशाळेने तपासणी केली तिथून लेखी अर्ज देऊन तो मिळवता येतो. तो उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नये, मेण मऊ होते.

हा ब्लॉक पुढेही उपयोगी पडतो. हर-टूचा ‘एक अधिक’ निकाल वर्षानुवर्षे निगेटिव्ह म्हणून बाजूला टाकला जात होता. २०२२ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब-डेरुक्सटेकॅन या औषधाच्या चाचणीत असे दिसले की, रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णांत हर-टू अल्प प्रमाणात असला, एक अधिक किंवा फिशने नाकारलेला दोन अधिक असला, तरी या औषधाचा उपयोग होतो. औषध फार महाग आहे आणि सर्वांना लागू नाही. परंतु त्या निष्कर्षानंतर जगभरच्या रुग्णालयांत जुनी कपाटे उघडून शून्य आणि एक यांतील फरक नव्याने पाहण्याचे काम सुरू झाले. ज्यांचे ब्लॉक जपलेले होते त्यांच्या काचपट्ट्या पुन्हा रंगवता आल्या.